मीठ दोनदा

"हे सांगितलं तर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही," मास्तर म्हणाले, "पण तू ऐक तरी."

लेक ऐकल्यासारखं करत त्यांचे सदरे बॅगेत भरत राहिली. मास्तर म्हणजे शिंपी. उभ्या जन्मात कापड बेतून कापलं, पण थाप मारताना कधी बेत पाहिला नाही. सर्कशीतल्या हत्तीला विजार शिवल्याची त्यांची गोष्ट गल्लीला पाठ होती, आणि दर खेपेला हत्ती वाढत होता.

आई गेल्यावर जावयानं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याच्या बुडाला नखाएवढी चिप चिकटवली होती. डबा फळीवरून उचलला की लेकीच्या फोनवर नोंद व्हायची, आणि उचललेल्या डब्यांतून काय रांधता येईल ते फ्रिजवरचा पडदा सुचवायचा. म्हातारा एकटा जेवतो की नाही, हे लांबून कळावं म्हणून.

"रोज अकराला," लेक म्हणाली. "तेल, मिरी, मीठ, तांदूळ. आणि परत मीठ. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, तुम्ही घातलेलं विसरून पुन्हा घालता. उद्या गॅस विसराल. आता एकटं राहणं पुरे."

"मी नाही काढत डबे. तुझी आई काढते."

लेकीचा हात सदऱ्यावर थांबला.

"मीठ घातलं की नाही, हे तिला जन्मात कधी आठवलं का? डबा दोनदा काढायचीच. अकराला मी बाहेर मशीनपाशी बसतो. आत झाकण वाजतं. वास तेवढा येत नाही. मग पडद्यावर उमटतं, मिरी घातलेला भात, दोघांसाठी. तो मी करतो."

"आत जाऊन पाहिलंत कधी?"

"ती रांधत असताना कुणी मधे लुडबुडलेलं तिला खपायचं नाही. तुला काय सांगायला हवं?"

लेक खाटेवर टेकली. तिचा असा चेहरा मास्तरांनी एकदाच पाहिला होता, दवाखान्यात, डॉक्टरांशी बोलून ती बाहेर आली तेव्हा.

"उद्या आपण एका डॉक्टरांना भेटू हं, बाबा," ती हळूच म्हणाली आणि तिनं बॅगेची चेन ओढली.

मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आपण गेलो, तर अकराला बाहेर कोण बसणार?

मग ते मोठ्यानं हसले. "फसलीस की नाही? अगं वेडे, मीच उचलून ठेवतो डबे. मीठ दोनदा उचललं की तुझा जीव खालीवर होतो आणि फोन येतो. नाहीतर महिना महिना तुझा आवाज कानावर पडत नाही."

लेकीनं बॅग जवळ ओढली. डोळे पुसून म्हणाली, "असं सरळ सांगायचं ना." तिनं चेन उघडली. सदरे एकेक करून कपाटात परत गेले. "मी करीन रोज फोन. पण त्या डब्यांना त्रास देऊ नका."

"नाही देत."

इतकी अंगासरशी बसलेली थाप मास्तरांनी आजवर शिवली नव्हती.

"कधीपासून चाललंय हे नाटक?" लेक आता हसत होती. बोटानं फोनवरच्या नोंदी मागे सरकवत होती.

"चिपा लावल्यापासून. एका दिवसाचा खाडा नाही."

बोट सरकत गेलं आणि थांबलं. हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर.

"मोतीबिंदूच्या वेळी आठ दिवस तुम्ही माझ्याकडे होतात. घर बंद होतं, म्हणून तेव्हा मी नोंदी उघडूनही पाहिल्या नाहीत. किल्ली माझ्या पर्समध्ये होती."

मास्तर टेबलावरची टेप बोटाला गुंडाळत बसले.

"तेल, मिरी, मीठ, तांदूळ," ती वाचत गेली. "मीठ." मग फोन उपडा ठेवून तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि आत ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, तुम्ही आत्ता खोटं बोललात."