तपासलेले मासे

माझा भाऊ आरोग्य खात्यात आहे. तपासणीसाठी तळ्यातून पकडलेल्या माशांपैकी उरलेले तो दर रविवारी आमच्याकडे आणायचा. "तपासलेला माल आहे, बिनघोर खा," म्हणायचा. स्वतः मात्र कधी तुकडाही चाखला नाही.

आज तळ्यावर पाटी लागली: मासे विषारी आहेत, खाऊ नयेत. खाली सही त्याची, तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"दादा, तुला माहीत होतं?"

"टाकून द्यायला जिवावर यायचं गं."

मी लेकीचं तोंड धुवायला घेतलं. साबणाचा फेस तिच्या उघड्या डोळ्यांवरून ओघळला. पापणी लवली नाही. ती त्याच्याकडेच बघत होती.

"मामा, तू सारखे डोळे का मिटतोस?"