शेजाऱ्याचा फोन

चर्चमधलं जेवण आटोपलं, तशी लोरेटा प्रत्येकानं घरून आणलेल्या, आता रिकाम्या झालेल्या भांड्यात शेजाऱ्याचा फोन ठेवू लागली. वर्षभर दर रविवारी हेच चाललं होतं. मग आठवडाभर पाद्रीबाबांचा फोन बारमध्ये बसायचा, तिचा मासे पकडायला जायचा.

टेकडीवरचे बंगलेवाले अजून स्वतः मत देत. ओहायोतल्या या गरीब वस्तीचं मत मात्र लोकांचे फोन कुठे-कुठे जातात यावरून यंत्रच ताडून मोकळं व्हायचं. इथलं मतदान केंद्र कधीच बंद झालं होतं.

निवडणुकीच्या सकाळी अधिकारी घामाघूम होऊन तिच्या दारात उभा राहिला. "बाई, काय करून ठेवलंत हे? तुम्हा लोकांना कोण हवंय, यंत्राला काही कळत नाहीये!"

लोरेटानं दार सताड उघडलं. आत अख्खी वस्ती बसली होती.

"मग आम्हाला विचारा की!"