फक्त जवळच्यांना

सुनेने फोनवर मैत्रिणीला "सेक्सी बिच" म्हटलेलं सासूबाईंनी ऐकलं.

"अहो आई, कौतुकाने म्हणतात तसं," सून ओशाळली. "पण अगदी जवळच्यांनाच हं. परक्यांना चुकूनही नाही!"

रविवारी सुनेच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम जेवायला आल्या. बढती त्यांच्याच हातात. पहिलाच घास घेऊन सासूबाई खूश झाल्या आणि सुनेला म्हणाल्या, "वा गं, माझी सेक्सी बिच!" सुनेच्या हातातला डाव गळून पडला. सासूबाईंनी मॅडमना समजावलं, "जवळच्यांनाच म्हणतात हो असं." मॅडमनी भराभर जेवण उरकलं. बढती गेली, असं सुनेने गृहीतच धरलं.

निघताना मात्र मॅडम दारातच घुटमळल्या. "काकू, मला नाही म्हणणार?"



"आधी हिच्या बढतीचं बघा," सासूबाई म्हणाल्या, "मग तुम्ही कुठे परक्या?"