घरजावई

आईची बॅग भरून दारात ठेवली होती. गॅस चालू ठेवून ती विसरते, म्हणून मी तिला माझ्या घरी न्यायला आले होते. तिला यायचं नव्हतं. “माझा घरजावई आहे ना लक्ष ठेवायला!” घरजावई म्हणजे भावाने गॅसच्या नळीवर बसवलेलं पांढरं डबडं. ओट्यापाशी कुणी नसलं की थोड्या वेळाने ते गॅस बंद करतं. चहाचं आधण ठेवून ती गॅलरीत शेजारणीशी गप्पांत रंगली. तेवढ्यात वीज गेली, इंटरनेटही गेलं. मी स्वयंपाकघराकडे धावले. भावाने हॉलमध्येच हात धरला. “ताई, त्याला बॅटरी आहे, नेटही लागत नाही. थांब जरा.” आधण खळखळून उकळलं. खट्! ज्योत विझली. आई आत येऊन पातेल्यात डोकावली. “बघितलंस? न सांगता काम करतो. तुझा नवरा करतो का?” मी बॅग उघडून तिचे कपडे कपाटात लावले.