हरलेल्यांच्या भेंड्या

बॅलिनास्लोचा टोल भरून गाडीची काच वर करता करता सलील म्हणाला, "मॉन्डेल."

स्वप्नालीने त्याच्याकडे पाहिलं. गॉलवेच्या घरून विमानतळाकडे निघाल्यापासून नवरा तोंडातून अक्षर काढत नव्हता, आणि काढलं ते हे.

खेळ जुना, लांबच्या प्रवासाचा. गाण्यांच्या भेंड्यांसारखाच, फक्त गाण्यांऐवजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहून आपटलेले लोक. आलेल्या अक्षरावरून असा एक हरलेला घ्यायचा, त्याला जिंकवायचं, आणि मग जगाचं काय झालं असतं ते सांगत सांगत गोष्ट आपल्या घरापर्यंत आणायची. शेवटी दोघं एका छपराखाली हवीत, हा नियम सलीलचा. राज्यशास्त्राची एम.ए. स्वप्नाली होती, पण नियम सगळे त्याचेच.

डिकीत तिच्या दोन बॅगा होत्या. लोकांना सांगितलं होतं ते आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं: नागपूरला, थोडे दिवस. परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. घराची किल्ली तिने सकाळी दाराजवळच्या खुंटीला अडकवली, तीही त्याच्यासमोर. ती त्याने गुपचूप खिशात टाकली होती. विमानतळावर 'ही राहिली' म्हणून तिच्या हातात द्यायची आणि मग 'जाऊ नकोस' म्हणायचं, असं त्याने ठरवलं होतं. मघाशी टोलसाठी नाणी काढताना तीच आधी हाताला लागली आणि त्याने ती घाईघाईने परत आत ढकलली.

मॉन्डेल १९८४ साली जिंकला, तो सांगू लागला. परदेशात कारखाने काढणाऱ्या कंपन्यांवर त्याने जबर कर बसवला. त्यामुळे हृदयात बसवायच्या नळ्या गॉलवेत कुणी बनवायलाच घेतल्या नाहीत, सलीलला इथे नोकरी लागली नाही, दोघं राहिली चिंचवडला. दोन खोल्या, गॅलरी, गॅलरीत झोका.

"छान," स्वप्नाली म्हणाली. "झोक्यावर मी. तू दुसऱ्या पाळीला."

तो हसला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण ती खेळते आहे एवढ्यावरच गडी खूश.

ल तिच्यावर आला. तिने लगेच लँडन टाकला, कॅन्ससचा, १९३६ साली हरलेला. हा जिंकला, अमेरिका युद्धात उतरली नाही, युद्ध लांबलं, इंग्रज आणखी वीस वर्षं हलले नाहीत. स्वातंत्र्याच्या चळवळीत पकडलेले तिचे आजोबा तुरुंगातच राहिले, त्यामुळे आई झाली नाही, त्यामुळे ती नाही. खेळ खलास.

दोघं हवीत, सलीलने आठवण करून दिली. नियम आहे.

"बरं. आजोबा सुटले. मी झाले. तुझ्याशीच लग्न केलं." ती बाहेरच्या मेंढ्यांकडे बघत होती. "घर कुठलंही घे. जेवताना तुझा फोन ताटाशेजारी आहेच."

ॲथलोन मागे पडलं. पाऊस थांबला, तरी वायपर चालूच होते. न वर सलीलने निक्सन काढला. नंतर जिंकलेला नव्हे, १९६० साली हरलेला. या खेपेला तो जिंकला. चंद्रावर जायचा खर्च त्याने बंद केला, कॉम्प्युटर रखडले, व्हिडिओवर मीटिंगा घेणं कुणाला जमेचना. अमेरिकेतल्या साहेबांना संध्याकाळी सलीलचं तोंड दिसेना.

"म्हणजे मी सहाला घरी," तो म्हणाला. "रोज."

लग्न झाल्यापासून माफीच्या इतक्या जवळ तो प्रथमच आला होता. तीही निक्सनच्या खांद्यावर बंदूक ठेवून.

"सहाला येऊन काय करतोस?" तिने विचारलं.

सलील विचार करू लागला. किलकॉकचा टोल आला, गेला. त्याला खरोखर काही सुचेना. सहाला घरी आलेला माणूस कुठे बसतो, बायकोशी काय बोलतो, याचा त्याला पत्ताच नव्हता. आणि हे आत्ता, या वयात, विमानतळाच्या रस्त्यावर कळावं याची त्याला भीती वाटली.

"वाचत बसतो," तो शेवटी म्हणाला.

तिने मान हलवली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"राष्ट्राध्यक्ष बदलला की सगळं जग बदलतं, सलील. एक तू सोडून."

विमानतळावर त्याने गाडी कडेला लावली. इथे गाडी जास्त वेळ थांबवू देत नाहीत. तिने पट्टा सोडला, पण दार उघडलं नाही.

"माझ्यावर न आहे ना?" ती म्हणाली. "नाहीच कुणी बदललं. जो आहे तोच आहे, आपणही आहोत तेच. इथे, या गाडीत बसलोय." ती पूर्ण त्याच्याकडे वळली. "आता घरापर्यंत तू ने."

तो किल्ली खिशात घट्ट धरून होता. किल्लीचे दात तळहाताला टोचत होते. दोन शब्द. तोंडात तयार होते, सकाळपासून होते. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला.

"हरलेलाच घ्यायला हवा," सलील म्हणाला. "हे नियमात बसत नाही."

स्वप्नालीने दाराला हात घातला.

"मग चढव माझ्यावर भेंडी," ती म्हणाली आणि उतरली.

बॅगा तिने स्वतःच काढल्या. विमानतळाचं काचेचं दार आपोआप उघडलं आणि तिच्यामागे मिटलं. मागे पुन्हा हॉर्न वाजला, तसा सलील निघाला. घराकडे जाताना, किलकॉकचा टोल येईपर्यंत, तो न वरून हरलेला आणखी कुणी आठवतोय का ते बघत होता.