ठकूबाईंचं समाधान

"मानवजातीच्या शाश्वत विकासाचा महाअहवाल आज पूर्ण होणार!" यंत्राने पडवीतून जाहीर केलं.

ठकूबाई झोरेंनी तिथल्याच चुलीत फुंकर मारली. राख त्याच्या काचेच्या डोळ्यांवर बसली.

पवनचक्क्या आल्यापासून पठारावरची माणसं कशी जगतात, हे त्यांच्यात राहून नोंदवायला आलेलं हे यंत्र तीन वर्षं त्यांच्याकडेच मुक्कामाला होतं. आता एकच उत्तर उरलं होतं. ते मिळालं की त्याला परत नेणार होते.

"आजी, तुम्ही समाधानी आहात का?"

"त्या पवनचक्कीच्या पंख्यांचं बरंच हाय रं. पर समाधानी म्हटलं की तू चाललास."

यंत्राने डोळ्यांवरची राख पुसली.

"उत्तर संदिग्ध आहे," ते म्हणालं. "पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं लागेल."

"इचार की. आता एवढं करडू धर, शेळीची धार काढायचीय."