केसभर, हातभर

मंचरच्या आपल्या कारखान्यात भगवंतनानांनी प्रेशर गेज काटे जुळवणाऱ्या प्रज्ञाच्या टेबलावर आपटलं. "काटा केसभर सरकलाय! ह्यो माल सैन्यात जातोय. तिकडं जवान मेला तर जबाबदार कोण, तुझा बाप?" ती काटा पुन्हा जुळवायला बसली.

संध्याकाळी निरगुडसरच्या शेतात थोरल्या भावाची विधवा साळुबाई नानांच्या ट्रॅक्टरला आडवी झाली. "भावजी, नांगरताना यंदाबी बांध हातभर माझ्या रानात सरकवलाय तुमी!"

"मग? हातभर जमिनीसाठी आता मुडदे पाडता का काय, वहिनी?" नाना खेकसले.



सैन्यातून सुट्टीवर आलेला तिचा मुलगा सूरज पुढं झाला. "नाना, तिकडं सीमेवर आमी तेवढ्यासाठीच पाडतो."